पासवर्ड बरोबर आहे, तरी लिनक्स पुन्हा पुन्हा विचारतं: सुरक्षित आणि लपवलेल्या वायफायची दुरुस्ती

मोबाइल त्याच पासवर्डने लगेच जोडला जातो. घरातला विंडोजचा लॅपटॉपही चालतो. लिनक्सवर मात्र पासवर्ड टाकला की चकती थोडा वेळ फिरते आणि तीच खिडकी पुन्हा समोर येते. मग आपण एकेक अक्षर बघून टाइप करतो, डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून खात्री करतो, राउटर बंद करून चालू करतो. शेवटी 'लिनक्समध्ये वायफायचा घोळच असतो' म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवस काढतो. नेटवर्कचं नाव लपवलेलं असेल तर त्याहून पंचाईत, कारण यादीत काही दिसतच नाही. किंवा आज जोडलं जातं आणि उद्या गायब होतं.

ही खिडकी आली म्हणजे पासवर्ड चुकलाच, असं नसतं. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन या सगळ्यांच्या डेस्कटॉपवर वायफायचा कारभार सहसा नेटवर्कमॅनेजर बघतो. जोडणी होता होता मध्येच तुटली की किल्ली चुकली असणार असा तो अंदाज बांधतो आणि नवी मागतो. त्याच्या लॉगमध्ये तसं लिहिलेलंही असतं: 'डिसकनेक्टेड ड्युरिंग असोसिएशन, आस्किंग फॉर न्यू की'. ड्रायव्हर कच्चा असो, राउटर डब्ल्यूपीए३ या वायफाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीसाठी अडून बसलेला असो, सिग्नल भिंतीआड मरत असो, खिडकी तीच येते. म्हणून पासवर्ड पुन्हा टाइप करत बसण्याआधी जोडणी नेमकी कुठल्या टप्प्यावर अडकते ते बघायचं. निम्मं काम तिथेच होतं.

खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच इंग्रजी लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या. 'एनएमसीएलआय' म्हणजे एन, एम, सी, एल, आय ही पाच अक्षरं सलग.

आधी लॉग उघडा

दोन टर्मिनल उघडा. पहिल्यात हे चालवून तसंच चालू ठेवा:

सुडो जर्नलसीटीएल -एफ -यू नेटवर्कमॅनेजर -यू डब्ल्यूपीए_सप्लिकंट

यात नेटवर्कमॅनेजरचा एन आणि एम हे दोन मोठे, बाकी सगळं लहान. डब्ल्यूपीए सप्लिकंट हा राउटरशी पासवर्डची बोलणी करणारा प्रोग्राम. दुसऱ्या टर्मिनलमधून किंवा नेहमीच्या मेनूतून जोडायचा प्रयत्न करा आणि पहिल्यात काय उमटतं ते वाचा. ओळी भराभर येतील, पण कामाच्या थोड्याच असतात.

'एसएसआयडी-नॉट-फाउंड' दिसलं तर नेटवर्क सापडलंच नाही (एसएसआयडी म्हणजे नेटवर्कचं नाव). इथे पासवर्डचा संबंधच येत नाही, कारण पासवर्डपर्यंत गाडी पोचलेलीच नसते. 'फोर-वे हँडशेक फेल्ड, प्री-शेअर्ड की मे बी इनकरेक्ट' किंवा 'राँग_की' दिसलं तर किल्लीवर संशय घ्यायला जागा आहे. 'नो-सीक्रेट्स' म्हणजे पासवर्ड चुकला नाही, तो मिळालाच नाही. साठवलेला पासवर्ड बाहेर काढता आला नाही, त्याचं कारण वेगळं. आणि 'आयपी-कॉन्फिग-अनअव्हेलेबल' दिसलं तर पासवर्ड मान्य झालाय, राउटरशी जोडणीही झालीय, फक्त आयपी पत्ता मिळालेला नाही. या शेवटच्या प्रकारात लोक पासवर्डवरच तासभर डोकं आपटत बसतात.

लॉगमध्ये वायफायचं नावच नसेल, तर आधी 'आरएफकिल लिस्ट' चालवा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' पुरतं. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' असेल तर लॅपटॉपच्या कडेला किंवा फंक्शन कळीवर असलेलं वायफायचं बटण शोधा, कमांडने ते सुटत नाही. दोन्ही 'नो' असून वायफाय दिसत नसेल तर 'डीमेसेज' (डी, एम, ई, एस, जी) मध्ये 'फर्मवेअर', म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, शोधा. डेबियनच्या १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, इन्स्टॉलरबरोबरच बंद स्रोताचं फर्मवेअरही येतं. त्याआधीच्या डेबियनवर ते वेगळं टाकावं लागायचं, आणि जुन्या लॅपटॉपवर अजूनही तीच आवृत्ती असेल तर दोष बहुधा इथेच आहे. यूएसबी डोंगल असेल आणि त्याचा ड्रायव्हर तुम्ही बाहेरून आणून डीकेएमएसने (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणाऱ्या सोयीने) बसवला असेल, तर कर्नल अपडेट झाल्यावर तो पुन्हा बांधला गेला का ते 'डीकेएमएस स्टेटस' ने बघा. 'काल चालत होतं, अपडेट केलं आणि बंद पडलं' याचं हे नेहमीचं कारण. तात्पुरती सोय म्हणून बूट होताना ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडा.

नाव लपवलेलं नेटवर्क

नाव लपवलेलं नेटवर्क म्हणजे दारावरची पाटी काढलेलं घर. राउटर आपलं अस्तित्व सेकंदाला साधारण दहा वेळा जाहीर करतच असतो, फक्त त्या घोषणेत नावाची जागा रिकामी सोडतो. त्यामुळे लॅपटॉपला नावानिशी हाक मारावी लागते: 'अमुक आहे का?' मग राउटर ओ देतो. यासाठी लॅपटॉपला दोन गोष्टी आधीच माहीत हव्यात. एक, अचूक नाव. दुसरी, हे नेटवर्क लपवलेलं आहे, म्हणजे यादीत येण्याची वाट न बघता स्वतःहून हाक मारायची आहे. ही दुसरी गोष्ट सांगायची राहते आणि सगळं अडतं.

आधी आजूबाजूला काय आहे ते बघा:

एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट --रीस्कॅन येस

यादीत नावाच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा असलेल्या ओळी दिसतील. ती लपवलेली नेटवर्कं. आपलं कुठलं ते बीएसएसआयडीच्या, म्हणजे राउटरच्या पत्त्याच्या, रकान्यावरून ओळखता येतं. राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) असतो, त्याच्याशी जुळवा. शेवटचे एक-दोन आकडे वेगळे असू शकतात, कारण प्रत्येक बँडला (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) वेगळा पत्ता दिलेला असतो. याच ओळीत दोन फार उपयोगाचे रकाने आहेत. नाव लपलेलं असलं तरी सुरक्षा लपत नाही: शेवटच्या रकान्यात 'डब्ल्यूपीए२', 'डब्ल्यूपीए२ डब्ल्यूपीए३' किंवा '८०२.१एक्स' (प्रत्येकाच्या वेगळ्या खात्यावर चालणारं) असं स्वच्छ लिहिलेलं असतं. आणि 'चॅन' या रकान्यात चॅनेलचा आकडा असतो. तो टिपून ठेवा, पुढे लागणार आहे.

जोडायची साधी कमांड अशी:

एनएमसीएलआय --आस्क डिव्हाइस वायफाय कनेक्ट 'नेटवर्कचं नाव' हिडन येस

'हिडन येस' विसरलात तर त्या नावाचं नेटवर्क सापडलं नाही असं उत्तर येतं. '--आस्क' मुळे पासवर्ड नंतर विचारला जातो, म्हणजे तो टर्मिनलच्या इतिहासात कायमचा राहत नाही. ग्नोममध्ये हेच काम वायफायच्या सेटिंगमध्ये वरच्या तीन ठिपक्यांखालच्या 'कनेक्ट टू हिडन नेटवर्क' ने होतं. तिथे सुरक्षेचा प्रकार स्वतः निवडावा लागतो आणि घाईत तो 'नन' वरच राहून जातो.

कधी कधी कमांड 'की-एमजीएमटी: प्रॉपर्टी इज मिसिंग' असं म्हणून थांबते. याची दोन कारणं असतात. एक तर त्या नावाचं जुनं, अर्धवट प्रोफाइल पडून असतं. नाहीतर स्कॅनमध्ये नेटवर्क दिसलेलं नसतं, त्यामुळे सुरक्षा कुठली लावायची हे यंत्रणेला ठरवता येत नाही. 'एनएमसीएलआय कनेक्शन शो' मध्ये जुनं प्रोफाइल दिसलं तर 'एनएमसीएलआय कनेक्शन डिलीट' ने काढून टाका आणि नवं हातानेच बनवा. लपवलेल्या नेटवर्कसाठी मी तर सरळ हीच पद्धत सुचवेन:

एनएमसीएलआय कनेक्शन ॲड टाइप वायफाय आयएफनेम '*' कॉन-नेम घर एसएसआयडी 'नेटवर्कचं नाव'
एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय घर वायफाय.हिडन येस
एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय घर वायफाय-सेक.की-एमजीएमटी डब्ल्यूपीए-पीएसके
एनएमसीएलआय --आस्क कनेक्शन अप घर

'घर' हे आपण या प्रोफाइलला दिलेलं नाव, पुढच्या कमांडमध्येही तेच आहे. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर तिसऱ्या ओळीत 'डब्ल्यूपीए-पीएसके' ऐवजी 'एसएई'. ज्यांना कमांड नकोशा वाटतात त्यांनी 'एनएमटीयूआय' चालवावं, निळ्या पडद्यावर बाणांनी फिरून बरंचसं हेच करता येतं.

नेटवर्कमॅनेजर नसलेल्या ठिकाणी हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगायची. डब्ल्यूपीए सप्लिकंटच्या फाइलीत त्या नेटवर्कच्या कंसात 'स्कॅन_एसएसआयडी=१'. उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅनच्या फाइलीत ॲक्सेस पॉइंटच्या नावाखाली 'हिडन: ट्रू'. आयडब्ल्यूडी वापरत असाल तर 'कनेक्ट-हिडन' ही वेगळी कमांडच आहे. रास्पबेरी पायवाल्यांसाठी एक सूचना: २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून तिथेही नेटवर्कमॅनेजर आला. त्यामुळे बूट विभागात डब्ल्यूपीए सप्लिकंटची फाइल टाका सांगणाऱ्या जुन्या सूचना आता लागू पडत नाहीत, कितीही वेळा टाकली तरी.

आज दिसतं, उद्या गायब

यातली सगळ्यात चक्रावणारी तक्रार ही. प्रोफाइल बरोबर, 'हिडन येस' आहे, कालपर्यंत जोडलं जात होतं आणि आज 'एसएसआयडी-नॉट-फाउंड'. राउटर बंद करून चालू केला की कधी येतं, कधी नाही.

इथे तो चॅनेलचा आकडा कामाला येतो. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनेल रडारच्या वापरातल्या लहरींवर येतात. तिथे उपकरणाने आधी ऐकायचं असतं, आपणहून बोलायचं नसतं. आणि लपवलेल्या नेटवर्कला शोधायचं तर आपणहून हाक मारावी लागते! साधं, नाव जाहीर करणारं नेटवर्क या चॅनेलवर नुसतं ऐकून सापडतं. लपवलेलं मात्र अनेक कार्डांना सापडत नाही. बहुतेक राउटरचा चॅनेल 'ऑटो' वर असतो. तो आज ३६ वर बसतो, वीज जाऊन आली की १०० वर जातो. तुमच्या लॅपटॉपवर काहीही बदललेलं नसतं.

कुठल्या चॅनेलवर बोलायला मनाई आहे ते 'आयडब्ल्यू लिस्ट' सांगतं. आकड्यांपुढे 'नो आयआर' किंवा 'रडार डिटेक्शन' लिहिलेलं दिसेल. त्याच्या जोडीला 'आयडब्ल्यू रेग गेट' चालवून देश कुठला धरलाय ते बघा. 'कंट्री ००' असेल तर लॅपटॉपला आपण कुठे आहोत ते माहीत नाही. मग तो सगळ्यात कडक नियम पाळतो: ५ गिगाहर्ट्झवर कुठेच आपणहून बोलत नाही, २.४ मधल्या १२ आणि १३ वरही नाही. 'सुडो आयडब्ल्यू रेग सेट' पुढे आय आणि एन ही दोन मोठी अक्षरं दिली की भारताचे नियम लागतात. भारतात ५ गिगाहर्ट्झचे पट्टे ऑक्टोबर २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावर परवानामुक्त झाले, त्यामुळे घरगुती वापराला भरपूर जागा आहे. इंटेलच्या बऱ्याच कार्डांवर मात्र ही कमांड चालत नाही. ती कार्डं देश स्वतःच ठरवतात, आपलं ऐकत नाहीत.

खात्रीचा उपाय राउटरवर आहे. ५ गिगाहर्ट्झचा चॅनेल 'ऑटो' वरून काढून ३६ ते ४८ यांपैकी एकावर पक्का करा. २.४ गिगाहर्ट्झला १, ६ किंवा ११. स्वस्त डोंगल वापरत असाल तर ते ५ गिगाहर्ट्झ पकडतं का तेही बघून घ्या. एकाच बँडचं डोंगल आणि फक्त ५ वर लपवलेलं नेटवर्क अशी जोडी असेल तर कुठलीच कमांड उपयोगाची नाही.

नाव मराठीत ठेवलं असेल तर

हौसेने वायफायला मराठी नाव देणारे बरेच आहेत, आणि देवनागरीत नाव ठेवायला तांत्रिक अडचण काहीच नाही. पण नावाची मर्यादा ३२ बाइटची आहे, ३२ अक्षरांची नाही. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे मात्रा, अनुस्वार, हलन्तसुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे हाती जेमतेम १० चिन्हं उरतात. 'शेजाऱ्यांचं' हा शब्द ३३ बाइटचा होतो, राउटर तो घेणारच नाही किंवा शेपूट कापून घेईल.

नाव उघड असेल तर पुढे काही त्रास नाही, यादीतून निवडायचं आणि मोकळं व्हायचं. लपवलेलं असेल तर ते हाताने टाइप करावं लागतं आणि तिथे गंमत होते. समजा नाव आहे 'वाऱ्यावर'. यातला तो अर्धा ऱ तीन प्रकारे टाइप होऊ शकतो: ऱ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त लावून, साध्या र ला खाली नुक्ता आणि मग हलन्त देऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही एकसारखे. पण पहिल्या प्रकारात नाव २४ बाइटचं होतं आणि बाकी दोन्हींत २७ बाइटचं. राउटर बाइट जुळवतो, आपलं वाचन नाही. मोबाइलच्या कीबोर्डवरून राउटरमध्ये नाव भरलं आणि लिनक्सवर इन्स्क्रिप्टने टाइप केलं, तर डोळ्यांना तंतोतंत सारखं असूनही नेटवर्क सापडणार नाही.

सोडवायला राउटरवर नाव थोडा वेळ उघड करा आणि हे चालवा:

एनएमसीएलआय -एफ एसएसआयडी,एसएसआयडी-हेक्स,बीएसएसआयडी डिव्हाइस वायफाय लिस्ट

इथे रकान्यांची नावं मोठ्या अक्षरांत द्या. हेक्सच्या रकान्यात राउटरने ठेवलेले खरे बाइट दिसतात. नाव दिसत असतानाच एकदा जोडून घ्या, प्रोफाइल आपोआप बरोबर बाइटांचं बनतं. मग 'वायफाय.हिडन येस' करा आणि राउटरवर नाव पुन्हा लपवा. इंग्रजी नावांतही असाच एक सापळा आहे, फक्त साधा: मोठं-लहान अक्षर वेगळं धरलं जातं आणि शेवटची रिकामी जागाही नावाचाच भाग असते.

किल्ली खरोखरच नाकारली जात असेल तर

आधी साधे संशयित. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर ठिपक्यांआड देवनागरी अक्षरं जातात आणि पत्ता लागत नाही, म्हणून पासवर्ड एकदा उघडा करून बघा. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या पासवर्डच्या शेपटीला रिकामी जागा चिकटते. टर्मिनलमध्ये पासवर्ड देत असाल तर तो एकेरी अवतरणातच द्या. डॉलरचं चिन्ह किंवा उद्गारचिन्ह असेल तर दुहेरी अवतरणात बॅश त्याचा स्वतःचा अर्थ लावतो आणि भलतंच काहीतरी राउटरकडे जातं. पासवर्डची लांबी ८ ते ६३ अक्षरं. बरोबर ६४ हेक्स आकडे असतील तर तो पासवर्ड न धरता तयार किल्ली म्हणून धरला जातो.

या तयार किल्लीवरून एक नेहमीचा घोळ. डब्ल्यूपीए२ मध्ये किल्ली पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून, ४०९६ फेऱ्या देऊन बनते. 'डब्ल्यूपीए_पासफ्रेज' ने काढलेली ६४ आकड्यांची किल्ली कुठल्या फाइलीत टाकून ठेवली असेल आणि नंतर कोणी राउटरचं नुसतं नाव बदललं, पासवर्ड तोच ठेवला, तरी ती किल्ली बाद होते. नव्या नावाने पुन्हा काढावी लागते.

यातलं काही नसेल तर डब्ल्यूपीए३ कडे बघा. वाय-फाय अलायन्सने ते २०१८ मध्ये आणलं, आणि आजचे बरेच राउटर 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' अशा मिश्र मोडमध्ये येतात. मोबाइल नवा असल्याने त्याला अडचण येत नाही. जुन्या लॅपटॉपचं कार्ड, विशेषतः ब्रॉडकॉमचा 'डब्ल्यूएल' हा बंद ड्रायव्हर, डब्ल्यूपीए३ ओळखत नाही. काही ड्रायव्हर ओळखतात पण संरक्षित व्यवस्थापन फ्रेम, म्हणजे पीएमएफ, सुरू झाली की कोसळतात. लॉगमध्ये जोडणी होते, तुटते, पुन्हा होते, पुन्हा तुटते असं चक्र दिसलं तर हे करून बघा:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय घर वायफाय-सेक.की-एमजीएमटी डब्ल्यूपीए-पीएसके वायफाय-सेक.पीएमएफ १

इथे १ म्हणजे बंद. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. भागलं नाही तर राउटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क नुसत्या डब्ल्यूपीए२ वर काढा आणि जुना लॅपटॉप त्यावर ठेवा. एका म्हाताऱ्या लॅपटॉपसाठी सगळ्या घराची सुरक्षा खाली आणायला नको.

डब्ल्यूईपी ही फार जुनी, कमकुवत सुरक्षा वापरणारा राउटर अजून कुठे सापडला तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका. २०२२ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए सप्लिकंट २.१० पासून ते मुळातच बंद ठेवलेलं असतं. राउटर बदला.

दर वेळी सुरू केल्यावर पासवर्ड विचारतं

हे 'नो-सीक्रेट्स' वालं प्रकरण. डेस्कटॉपवरून जोडलेल्या नेटवर्कचा पासवर्ड वापरकर्त्याच्या कीरिंगमध्ये (पासवर्डच्या कुलूपबंद पेटीत) किंवा केडीईच्या वॉलेटमध्ये ठेवलेला असू शकतो. लॉगिनचा पासवर्ड न टाकता आपोआप आत जायची सोय केली असेल, तर कीरिंगचं कुलूप उघडत नाही आणि वायफायचा पासवर्ड आत अडकतो. उपाय म्हणजे तो यंत्रणेकडेच ठेवायला सांगणं:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय घर वायफाय-सेक.पीएसके-फ्लॅग्ज ०

यानंतर '--आस्क' लावून एकदा जोडा. सेटिंगच्या खिडकीत हेच 'सगळ्या वापरकर्त्यांसाठी उपलब्ध' अशा चौकोनात असतं. मग पासवर्ड सहसा 'ईटीसी' मधल्या नेटवर्कमॅनेजरच्या 'सिस्टम-कनेक्शन्स' फोल्डरमध्ये उघड्या अक्षरांत जातो, रूटशिवाय कोणाला वाचता येत नाही. घरच्या लॅपटॉपला हे चालतं. ऑफिसच्या, चारचौघांच्या हातातल्या यंत्रावर नको.

जोडलं गेलं, पण पत्ता मिळत नाही

नेटवर्कमॅनेजर आयपी पत्त्यासाठी ठरलेल्या ४५ सेकंदांपर्यंत थांबतो आणि मग सोडून देतो. सोसायटीत, हॉस्टेलमध्ये, छोट्या ऑफिसात कारण अनेकदा हे असतं: राउटर यादीतल्या मॅक पत्त्यांनाच आयपी देतो आणि तुमचा पत्ता त्यात नाही. नोंदवला होता म्हणाल, पण लॅपटॉप तोच पत्ता दाखवतोय का ते बघा. फेडोरा ४० पासून, म्हणजे २०२४ पासून, प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला पत्ता दिला जातो. खरा पत्ता वापरायला लावायचा असेल तर:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय घर वायफाय.क्लोन्ड-मॅक-ॲड्रेस परमनंट

काही डोंगलना स्कॅन करतानाच पत्ता बदलणं झेपत नाही आणि नेटवर्कची यादीच रिकामी येते. त्यासाठी नेटवर्कमॅनेजरच्या 'कॉन्फ.डी' फोल्डरमध्ये एक फाइल करून 'डिव्हाइस' विभागाखाली 'वायफाय.स्कॅन-रँड-मॅक-ॲड्रेस=नो' लिहा आणि सेवा पुन्हा सुरू करा.

कॉलेजचं नेटवर्क

विद्यापीठं आणि संशोधन संस्थांत एज्युरोम हे सामायिक वायफाय असतं. भारतात ते एर्नेट इंडिया चालवतं. इथे सामायिक पासवर्ड नसतो, प्रत्येकाचं स्वतःचं खातं असतं. हातानं भरत बसण्यापेक्षा संस्थेने एज्युरोमच्या कॅट साइटवर ठेवलेली लिनक्सची स्क्रिप्ट उतरवून चालवा. ती प्रमाणपत्रासकट सगळं लावते. 'प्रमाणपत्राची गरज नाही' या चौकोनावर खूण करून काम निघतं खरं, पण मग त्याच नावाचं खोटं नेटवर्क उभं करून कोणीही तुमचा कॉलेजचा पासवर्ड हस्तगत करण्याचा डाव टाकू शकतो.

उबुंटू २२.०४ वर गेल्यावर अनेकांचं कॉलेजचं वायफाय बंद पडलं होतं. लॉगमध्ये 'अनसेफ लेगसी रिनिगोशिएशन डिसेबल्ड' दिसत असेल तर तेच कारण: सुरक्षित जोडणीसाठी वापरलं जाणारं नवीन ओपनएसएसएल ३ जुन्या पद्धतीने बोलणाऱ्या सर्व्हरशी बोलायला तयार नसतं. खरी दुरुस्ती सर्व्हरवर व्हायला हवी, तेव्हा ही ओळ जशीच्या तशी संगणक विभागाला पाठवा. आणि जुन्या लॅपटॉपवर प्रमाणपत्र अमान्य होत असेल तर आधी घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि आजचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं.

नाव लपवावं का?

राउटर तुमचाच असेल तर माझं मत: लपवू नका. जोडायला येणाऱ्या आपल्याच माणसाला त्रास होतो, चोराला होत नाही. कोणीही जोडलं जात असताना नाव हवेत उघडच जातं आणि ऐकणारं साधन फुकट मिळतं. उलट तुमचा लॅपटॉप 'हिडन येस' मुळे स्टेशनवर, हॉटेलात, जिथे जाल तिथे घरच्या नेटवर्कच्या नावाने हाका मारत फिरतो. लांब पासवर्ड, डब्ल्यूपीए२ किंवा ३, आणि डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता जोडायच्या सोयीचं) बटण बंद, यात सगळं आलं. नाव उघड केलंत तर प्रोफाइलमध्ये 'वायफाय.हिडन नो' करायला विसरू नका.

राउटर दुसऱ्याच्या हाती असेल आणि वरचं सगळं करून अडलात, तर मदत मागताना 'वायफाय चालत नाही' एवढंच लिहू नका. डिस्ट्रो आणि तिची आवृत्ती, 'एलएसपीसीआय -एनएनके' किंवा 'एलएसयूएसबी' मधली वायफाय कार्डाची ओळ, नेटवर्कच्या यादीतली चॅनेल आणि सुरक्षा दाखवणारी ओळ, आणि जोडायचा प्रयत्न केल्यापासून अपयश येईपर्यंतचा लॉग द्या. 'एनएमसीएलआय कनेक्शन शो घर' चं उत्तर बिनधास्त द्या, त्यात पासवर्ड झाकलेला असतो. '-एस' लावून काढलेलं उत्तर किंवा सिस्टम-कनेक्शन्स मधली फाइल मात्र तशीच चिकटवू नका, पासवर्ड उघडा जाईल.